गृहनिर्माण मंत्र्यांना खुले पत्र: एजंटाच्या वागणुकीची नोंदही ग्राहकाला दिसू द्या

प्रति,
माननीय गृहनिर्माण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: महारेरा (महाराष्ट्राचे स्थावर संपदा नियामक प्राधिकरण) नोंदणीकृत एजंटांवर झालेल्या शिस्तभंगाच्या कारवाईची नोंद ग्राहकांसाठी खुली करण्याबाबत

माननीय मंत्रीमहोदय,
स.न.वि.वि.

मी पुण्यात घरे विकणारा नोंदणीकृत एजंट आहे. महारेराने प्रशिक्षण सक्तीचे केले तेव्हा पन्नाशी उलटलेली असताना वीस तासांचा वर्ग केला, परीक्षा दिली आणि प्रमाणपत्र मिळवले. आमच्यातल्या अनेकांनी तेव्हा कुरकुर केली. मला तो निर्णय मनापासून पटला होता. ज्याच्या शब्दावर माणसे आयुष्यभराची कमाई लावतात, त्याला निदान कायदा माहीत असावा. मात्र कायदा माहीत असणे आणि तो पाळणे यांत किती अंतर असते, ते गेल्या वर्षी मी माझ्याच टेबलावर पाहिले.

एक तरुण जोडपे सल्ला विचारायला आले होते. वाघोलीच्या पुढे एका ‘प्री-लॉन्च’मध्ये, म्हणजे प्रकल्प अधिकृतपणे खुला होण्याआधीच्या बुकिंगमध्ये, त्यांनी दोन लाख रुपये टोकन भरले होते. हातात साधी पावती. तिच्यावर मजला, दर आणि एजंटाचा शिक्का, शिक्क्यात महारेराचा नोंदणी क्रमांक. मी तो तिथेच मोबाइलवर टाकून पाहिला. क्रमांक खरा होता आणि मुदतीतलाही होता. प्रकल्पाची मात्र नोंदणीच झालेली नव्हती. ती मुलगी म्हणाली, “काका, आम्ही नंबर तपासूनच पैसे दिले हो.” एजंटाचा क्रमांक ‘ए’ने सुरू होतो आणि प्रकल्पाचा ‘पी’ने. हा फरक तिला कोण सांगणार होते? ज्याने सांगायचा, त्यानेच तो लपवला होता.

ही चूक अजाणतेपणी झाली असे मी मानत नाही. 2016च्या स्थावर संपदा कायद्याच्या कलम 10मधली पहिलीच अट अशी आहे की, नोंदणी आवश्यक असलेल्या पण नोंदणी न झालेल्या प्रकल्पातली विक्री एजंटाने जुळवून द्यायची नाही. दिशाभूल करणारी माहिती द्यायची नाही, नसलेल्या मंजुरीचा दावा करायचा नाही, बुकिंगच्या वेळी ग्राहकाला मिळायला हवीत ती कागदपत्रे मिळवून द्यायची, हेही तिथेच लिहिले आहे. प्रशिक्षणात आम्हाला हे शिकवले जाते. तरीही आजूबाजूला काय चालते ते मी रोज पाहतो. ‘ईओआय’च्या (घर घेण्यात रस असल्याचे लेखी पत्र) नावाखाली चेक घेतले जातात, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर कच्चे नकाशे फिरतात. कार्पेट एरिया, म्हणजे घरातली प्रत्यक्ष वापरायची जागा, विचारला की सेलेबलचा, म्हणजे सामायिक जागा धरून फुगवलेला, आकडा तोंडावर फेकला जातो. एका नोंदणीकृत एजंटाच्या हाताखाली पाच-सहा बिननोंदणीची पोरे साइट दाखवत फिरतात, आणि उद्या काही झालेच तर ती पोरे कोण हे कोणालाच सांगता येत नाही.

महारेरा एजंटांवर कारवाई करत नाही असे मी म्हणणार नाही. 2024मध्ये प्रमाणपत्र न घेतलेल्या सुमारे 20 हजार एजंटांची नोंदणी स्थगित झाली. ते योग्यच झाले. परंतु ती शिस्त कागदाची होती. प्रमाणपत्र आणले नाही म्हणून नोंदणी थांबली. ज्याच्याकडे प्रमाणपत्र आहे आणि जो ग्राहकाशी खोटे बोलतो, तो त्या चाळणीतून सहज खाली उतरतो. त्या जोडप्याचा एजंट परीक्षा पास झालेला होता.

वागणुकीवरच्या कारवाईसाठी कायद्यात आधार भरपूर आहे. कलम 9 खाली गैरप्रकार करणाऱ्याची नोंदणी, त्याचे म्हणणे ऐकून घेऊन, स्थगित किंवा रद्द करता येते. कलम 62 खाली दिवसाला 10,000 रुपये, आणि एकूण त्या घराच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड करता येतो. म्हणजे साठ लाखांच्या फ्लॅटमागे जास्तीत जास्त तीन लाख. हा दंड सरकारी खात्यात जमा होतो. ज्याचे टोकन बुडाले त्याला त्यातला एक रुपयाही मिळत नाही. नुकसानभरपाईचे अधिकार ज्या कलमांशी जोडलेले आहेत, त्यांत देणेकरी बिल्डर आहे, एजंट नाही. कायदा बदलणे केंद्राच्या हातात आहे, हे मी जाणतो. पण कलम 37 प्राधिकरणाला एजंटांना बंधनकारक निर्देश देण्याचा अधिकार देते. दोष सिद्ध झालेल्या व्यवहारातली दलाली एजंटाकडून ग्राहकाला वळती करण्याचे निर्देश त्याखाली देता येतील का, हे आपल्या विभागाने तपासून पाहावे. पकडला गेला तरी दलाली खिशातच राहणार असेल, तर खोटे बोलणाऱ्याला भीती कशाची?

आता मुख्य मागणीकडे येतो, कारण ती पूर्ण करणे राज्याच्याच हातात आहे. कलम 34 सांगते की प्राधिकरणाने आपल्या संकेतस्थळावर एजंटांची नावे आणि छायाचित्रे लोकांना पाहण्यासाठी ठेवावीत, आणि त्यात नोंदणी नाकारलेले व रद्द झालेलेही असावेत. आणखी कोणता तपशील द्यायचा, हे ठरवण्याचा अधिकार कायद्याने राज्य सरकारच्या नियमांवर सोडला आहे. तो वापरा. ग्राहकाने माझा क्रमांक टाकला की माझ्या छायाचित्राशेजारीच, साध्या मराठीत, माझ्याविरुद्ध झालेला प्रत्येक आदेश दिसू द्या: कोणत्या कलमाखाली दोषी ठरलो, दंड किती झाला, तो भरला की नाही, नोंदणी कधी आणि किती काळ स्थगित होती. आदेशांच्या फायली एकेक उघडून वाचायला टोकन देण्याच्या घाईत असलेल्या माणसाला सवड नसते. ‘हे घर दोन दिवसांत जाईल’ म्हणून ती घाई आम्हीच त्याच्यामागे लावलेली असते.

माझे काही सहकारी यावर रागावतील. प्रतिस्पर्धी खोट्या तक्रारी करतील, सूड उगवतील, असे ते म्हणतात. ही भीती निराधार नाही. एकाच सोसायटीत दोन एजंट असले की काय काय होते ते मी अनुभवले आहे. म्हणून नुसती तक्रार झाली म्हणून कोणाचे नाव झळकवू नये. सुनावणी होऊन कारणांसह आदेश निघाला, अपिलाची मुदत संपली किंवा अपील फेटाळले गेले, की मगच नोंद व्हावी. जाहिरातीत क्रमांक लहान छापला आणि अनोंदित प्रकल्पात पैसे घेतले, हे दोन गुन्हे एका मापाने मोजू नयेत. किरकोळ चुकीची नोंद काही वर्षांनी काढून टाकावी. दुसऱ्या प्रकारची मात्र कायम राहावी.

वकिलांचे उदाहरण पाहा. 1961च्या अधिवक्ता कायद्यात शिस्तपालन समिती आहे, आणि तिच्या हाती ताकीद देण्यापासून सनद काढून घेण्यापर्यंतच्या पायऱ्या आहेत. राज्याच्या समितीने तक्रार वर्षभरात निकाली काढावी, अशी मुदतही आहे. आमच्या व्यवसायालाही अशी मधली पायरी हवी. पहिल्यांदा चुकलेल्या नव्या मुलाला लेखी ताकीद द्यावी, पुन्हा प्रशिक्षणाला पाठवावे. आज एकीकडे दंड आणि दुसरीकडे थेट नोंदणीवर गदा, यांच्या मधे काही नसल्यामुळे लहान चुका तशाच सोडून दिल्या जातात. लहान चुका सोडलेला माणूस पुढे काय करतो, हे मी माझ्याच हाताखालच्या एकाच्या बाबतीत पाहिले आहे. त्याला वेळेवर कोणी थांबवले नाही. मीही नाही, आणि त्याचे मला आजही वाईट वाटते.

त्या जोडप्याला मी तक्रार करायला सांगितले. पाच हजार रुपये शुल्क, दोघांच्या रजा, आणि एजंटाचे कार्यालय तोपर्यंत बंद झालेले. तक्रार करून आमच्या पदरात काय पडेल, असे त्या मुलाने विचारले. पैसे परत मिळतीलच असे मी त्याला सांगू शकलो नाही. निदान पुढच्या माणसाला तो एजंट ओळखता येईल, एवढे तरी मला ठामपणे सांगता यायला हवे होते.

आपल्या विभागाने नियमातील बदलाचा मसुदा हरकती व सूचनांसाठी प्रसिद्ध केला, तर माझी लेखी सूचना पहिल्याच आठवड्यात येईल. माझ्या स्वतःच्या सर्व व्यवहारांची हिशेबवही तपासणीसाठी द्यायला मी तयार आहे. ती ठेवणे कलम 10ने मला बंधनकारकच केले आहे.

आपला विश्वासू,
एक नोंदणीकृत एजंट, पुणे