बाबा, आईला ढकलू द्या

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

बाबा, मोरीत पाय घसरला ते आईनं सांगितलं. ती धरायला आली तर तुम्ही हात हिसडलात, हेही सांगितलं. तिच्यावर चिडू नका, मीच खोदून विचारलं.

मी इथं पुण्यात 'ताई ची' हा चिनी व्यायामप्रकार शिकते, त्याला तुम्ही 'हवेत हात फिरवणं' म्हणता. पण त्यात जोडीचा एक सराव असतो, थुईशौ. समोरासमोर उभं राहून मनगटाला मनगट लावायचं आणि ते सुटू द्यायचं नाही. समोरचा ढकलेल तेव्हा अडवायचं नाही, कंबर वळवून त्याचा जोर बाजूला जाऊ द्यायचा. त्याचा भार कुठल्या पायावर आहे, हे हाताच्या कातडीला कळलं पाहिजे. चिनी लोक त्याला 'ऐकणं' म्हणतात. पहिले दोन महिने मी ठार बहिरी होते. कुणी हात लावला की माझे खांदे ताठ, आणि ताठले की गेलेच मागच्या भिंतीवर.

मग खासबागेतल्या कुस्त्या आठवल्या. पैलवानांची सुरुवातीची खडाखडी चालू असली की मला कंटाळा यायचा आणि तुम्ही म्हणायचा, "थांब, तो वजन चाचपतोय." हे तेच आहे की हो! फक्त इथं पाडायची घाई नाही आणि अंगाला माती लागत नाही.

२०१८ साली अमेरिकेत सत्तरीपुढच्या ६७० जणांचा अभ्यास झाला. सहा महिन्यांत ताई ची करणारे नुसतं अंग ताणणाऱ्यांपेक्षा निम्म्याहून कमी वेळा पडले. तो ताई चीचा होता, या जोडीच्या सरावाचा वेगळा नव्हे, तेवढं लक्षात ठेवा.

रंकाळ्यावरून फिरून आलात की सोप्यात पाच मिनिटं उभे राहा. पाठीशी भिंत, एक पाय पुढं, गुडघे सैल. मनगटं टेकवून सावकाश गोल फिरवा. आई, तू हळूच ढकल. इतक्या वर्षांत हौस राहिलीच असेल! बाबा, तुम्ही जोर लावायचा नाही. तुम्हाला तेच अवघड जाणार.

आणि गवंड्याला बोलावून मोरीत धरायला दांडा बसवून घ्या. ऐकणं कितीही जमलं तरी ओल्या फरशीला कान नसतात. पैसे पाठवते, नको म्हणू नका.

तुमची,
माई