भिशीतली भीड पतसंस्थेत

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

पतसंस्थांवरच्या पत्रांत दोष नेहमी संचालकांचा असतो. माझेही तीन लाख एका पतसंस्थेत चार वर्षं अडकले, त्यामुळे तो राग मलाही आहे. पण थोडा वाटा आम्हा ठेवीदारांचाही आहे.

माझी आई साखर पेठेत विड्या वळायची. मांडीवर सूप, भोवती वाड्यातल्या बायका. त्यांतल्या बाराजणींची भिशी आईकडे. महिन्याला दहा रुपये, चिठ्ठी निघेल तिला एकशेवीस. ना वही, ना सही. तरी हप्ता बुडाल्याचं मला आठवत नाही. बुडणार कसा? कुणाच्या चुलीवर काय शिजतंय हे सगळ्यांना ठाऊक. एकीनं हप्ता बुडवला असता, तर पोरीच्या सोयरिकीत ते निघालं असतं. (पद्मशाली सोडून दुसऱ्या समाजाची बाई त्या भिशीत कधी नव्हती, हेही लिहायला हवं.)

नात अर्थशास्त्र शिकते. ती म्हणाली, अकराव्या शतकातले भूमध्य समुद्रावरचे मगरिबी ज्यू व्यापारी असेच. अडत्यानं एकाला फसवलं की पत्रांतून बभ्रा व्हायचा आणि त्याला कुणीच काम देत नसे. इटलीतल्या जेनोआ शहराच्या व्यापाऱ्यांना असा गोतावळा नव्हता. ते लेखी करार आणि न्यायालयांकडे वळले, असं अभ्यासक मांडतात.

आपली पतसंस्था कागदावर जेनोआची. १९६० चा सहकार कायदा, लेखापरीक्षण, ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा. पण ठेव ठेवताना आम्ही ताळेबंद कुठे पाहिला? "मालक आपलेच आहेत", एवढ्यावर पैसे दिले. सभेला मी दोनदा गेले, दोन्ही वेळा स्टीलच्या डब्यासाठी. विषय वाचला की "मंजूर, मंजूर". एकदा शेजारच्या बाईंनी थकबाकीचा आकडा विचारला, तर मीच त्यांचा पदर ओढला. चारचौघांत कशाला! भिशीत विचारावं लागत नव्हतं, कारण सगळं डोळ्यांसमोर होतं. हजारो सभासदांच्या संस्थेत डोळ्यांना काही दिसत नाही, भीड मात्र तीच. बँकेतल्या ठेवीला, अगदी सहकारी बँकेतल्याही, पाच लाखांपर्यंत विमा असतो. पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही, हे मला पैसे अडकल्यावर कळलं.

निम्मे पैसे परत मिळालेत. यंदा सभेआधीच अहवाल मागून आणलाय, थकबाकीच्या पानाला खूण घातली आहे. शेजारच्या बाईंना सोबत येता का विचारलं. त्या पदराचं अजून विसरलेल्या नाहीत.

आपली,
एक निवृत्त बालवाडी शिक्षिका, सोलापूर