दादांच्या नजरेने बोर्ड पाहणाऱ्या ताईंस

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

घरातल्या समारंभाचे पाहुणे परतले, सगळी आवराआवर झाली, तरी तुमचे आभार नीट मानायचे राहून गेले ही रुखरुख काही जात नाही. दारात घाईने म्हटलेले ‘थँक्यू’ तुमच्या कामाला अगदीच अपुरे होते, म्हणून हे जाहीर पत्र लिहीत आहे.

पाहुण्यांसमोर सुरुवातीला ठेवायचा फळांचा आणि चीजचा बोर्ड, म्हणजे लाकडी फळीवरची मांडणी, तुम्ही करून देणार होतात, आणि ती इंद्रधनुष्याच्या क्रमानेच हवी, असा मुलांचा हट्ट होता. आणि ज्यांच्यासाठी हा समारंभ, ते माझे थोरले बंधू, दादा, जन्मापासून रंगांध आहेत. ही अडचण मी तुमच्याआधी ज्यांच्यापुढे मांडली, त्यांपैकी एकाने ‘मग रंगांचा घाट घालताच कशाला?’ असे विचारले, तर दुसऱ्याने ‘त्यांना चव तर कळेल ना’ असे म्हणून हसत विषय संपवला. दोघेही याच कामाचे पैसे घेणारे होते. हे रंगांधळेपण बहुतेकदा एक्स गुणसूत्रावरील जनुकांतून येते आणि पुरुषांत हे गुणसूत्र एकच असते, म्हणून त्यांच्यात ते बरेच आढळते. भरल्या घरात असा एखादा पाहुणा असणे मुळीच नवलाचे नाही, आणि पाहुण्यांचे करणाऱ्यांना त्याची साधी विचारपूसही करावीशी वाटू नये, याचे मला आजही वाईट वाटते.

तुम्ही मात्र थेट दादांशीच बोलण्याची इच्छा दाखवलीत. आजवर भेटणारा प्रत्येक जण त्यांच्यासमोर एखादी वस्तू धरून ‘हिचा रंग सांगा’ म्हणत आला; त्यांना काय दिसते, हे विचारणाऱ्या तुम्ही पहिल्याच. निळा आणि पिवळा स्पष्ट दिसतात, पण केशरी, पिवळा आणि पोपटी शेजारी आले की सगळे एकच होऊन जाते, हे घरच्या आम्हालाही त्या दिवशी प्रथमच नीट कळले.

बोर्डाच्या एका टोकाला स्ट्रॉबेरी, मग संत्र्याच्या फोडी आणि केशरी चेडर चीज, पुढे अननस, हिरवी द्राक्षे, आणि दुसऱ्या टोकाला ब्लूबेरी व काळी द्राक्षे अशी मांडणी झाली, तेव्हा आम्हा सर्वांना ती सुंदरच दिसत होती. तुम्ही फोनवर तिचा फोटो काढलात, तो कृष्णधवल केलात आणि बराच वेळ त्याकडे पाहत राहिलात. संत्र्यापासून द्राक्षांपर्यंतचा सारा पट्टा त्यात एकाच करड्या रंगाचा दिसत होता. हा फोटो म्हणजे काही दादांची नजर नव्हे, पण उजळ आणि गडद यांतला फरक कुठे हरवला आहे ते त्यावरून कळते, असे तुम्ही सांगितलेत. मग कोणी न सांगता तुम्ही जमलेली मांडणी मोडलीत. अननसाचे त्रिकोण केलेत, चेडरच्या लांबट कांड्या कापल्यात, द्राक्षांच्या जागी काळ्या बियांचा गाभा वर येईल अशा किवीच्या चकत्या ठेवल्यात, आणि पिवळ्या व हिरव्याच्या मधोमध शेळीच्या दुधाच्या शुभ्र चीजची एक रेघ ओढलीत. हात चालू असतानाच, शेळी चाऱ्यातल्या कॅरोटीन या पिवळसर रंगद्रव्याचे अ जीवनसत्त्व करून टाकते म्हणून तिच्या दुधाचे चीज पांढरे असते आणि चेडरला केशरी रंग अ‍ॅनाटोच्या, म्हणजे शेंद्रीच्या, बियांमुळे येतो, हेही तुम्ही मुलांना समजावत होतात. मुलांचे इंद्रधनुष्य जसेच्या तसे राहिले.

पाहुणे जमले तेव्हा मी दादांकडेच पाहत होतो. अशा मेजवानीत ते एका बाजूला उभे राहतात आणि वहिनी त्यांची बशी भरून आणतात, कारण स्ट्रॉबेरीतली कच्ची कोणती आणि पिकलेली कोणती हे विचारत बसणे त्यांना नकोसे होते. तुम्ही तर कच्ची फळे आधीच वेगळी काढलेली होती. दादा स्वतःहून पुढे झाले, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश एकेक जिन्नस घेत गेले, आणि पुतण्याला म्हणाले, ‘ही पांढरी रेघ संपली की तुमचा हिरवा सुरू होतो, हो ना?’ वहिनींनी त्या क्षणी माझा हात घट्ट धरला. सौजन्य म्हणतात ते हेच असावे, ताई: समोरच्याची उणीव चारचौघांत उघडी न पाडता त्याच्यासाठी वाट मोकळी करून देणे. तुमच्यासारखी माणसे ते इतक्या सहजपणे करतात की पाहुण्यांपैकी कोणालाही त्याचा पत्ता लागला नाही.

तुमचा लाकडी बोर्ड धुऊन, पुसून आमच्याकडे ठेवला आहे. तो परत द्यायला दादा स्वतः येणार आहेत. तुम्हाला सवड असेल तो दिवस तेवढा कळवावा.

आपला कृतज्ञ,
दादांचा धाकटा भाऊ