हरकत कुणीतरी वाचली, एवढं तरी कळू द्या

प्रति,
मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय, सविनय नमस्कार.

आमच्या गावाच्या प्रारूप विकास आराखड्यावर ऑनलाइन हरकती-सूचना मागवल्या, तेव्हा शेजाऱ्यापाजाऱ्यांचे अर्ज भरून द्यायला मी आठवडाभर बसलो होतो. व्हॉट्सॲपवर एक तयार मजकूर फिरत होता. बहुतेकांनी तोच चिकटवला. एकाच्या हरकतीत तर 'येथे आपले नाव लिहा' हे शब्दही तसेच राहिले.

त्याच दुपारी शेजारच्या काकू आल्या. म्हणाल्या, "नकाशात ओढा विहिरीच्या उगवतीला दाखवलाय. तो मावळतीला आहे. नवा रस्ता नेमका त्याच्यावरनं काढलाय, पावसाळ्यात तिथं कंबरभर पाणी असतं." मी ते जसंच्या तसं टाइप केलं. दोन्ही हरकतींना उत्तर एकच आलं: 'आपली सूचना प्राप्त झाली आहे.'

लोक नीट लिहीत नाहीत, अशी तक्रार कार्यालयात ऐकली. पण नकाशाची फाइल मोबाइलवर उघडत नाही, उघडली तर गट नंबर वाचता येत नाही. आणि हरकतींची फक्त संख्या मोजतात, असा लोकांचा पक्का समज झालाय. मग चिकटवण्याशिवाय दुसरं काय करणार?

मुंबईचा २०३४पर्यंतचा प्रारूप विकास आराखडा आठवा. चुका लोकांनीच दाखवल्या, हजारोंनी हरकती घेतल्या, आणि एप्रिल २०१५मध्ये तो दुरुस्तीसाठी परत पाठवावा लागला. जागा माहीत असलेला माणूस बोलला की सरकारचंच काम सुधारतं. भाषेचंही तसंच आहे. केंद्राची २०२०ची पर्यावरण आघात मूल्यांकनाची मसुदा अधिसूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या भाषांत द्या, असा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाला द्यावा लागला होता. मसुदाच कळला नाही तर त्यावर बोलायचं तरी काय?

१९६६च्या नगररचना अधिनियमात सुनावणीची तरतूद आहे. काकूंची सुनावणी झालीही, दोन-तीन मिनिटांत. पुढे त्यांच्या म्हणण्याचं काय झालं, ते आजवर कळलेलं नाही.

माझी विनंती अशी. प्रत्येक हरकतीला क्रमांक द्या, ती संकेतस्थळावर लावा, आणि तिच्यापुढे 'मान्य' की 'अमान्य' ते कारणासह साध्या मराठीत लिहा. एकसारख्या हजार हरकतींना एकच उत्तर चालेल. काकूंच्या हरकतीला मात्र वेगळं उत्तर हवं. नाव, फोन, पत्ता झाकून ठेवा. २०१५मध्ये नेट न्यूट्रॅलिटीवरच्या, म्हणजे इंटरनेटवर सगळ्या सेवांना समान वागणूक मिळावी या विषयावरच्या सूचना 'ट्राय' या दूरसंचार नियामकाने लोकांच्या ईमेल पत्त्यांसकट जाहीर केल्या होत्या. तसं इथं होऊ नये. आणि अर्जात एक रकाना वाढवा: 'ही जागा तुम्हाला कशी माहीत आहे?' उत्तर देताना माणूस आपोआप स्वतःचं लिहू लागतो, हे मी अर्ज भरताना रोज पाहिलं.

काकूंच्या अर्जाची पोच माझ्याजवळ जपून ठेवली आहे. येत्या पावसाळ्यात आपल्या विभागातला कुणी नगररचनाकार इथे पाठवा. ओढा कोणत्या बाजूला आहे, ते काकू स्वतः चालत नेऊन दाखवतील.

आपला,
एक नागरिक