सामफ्याच्या बामायोंना पत्र

बामायो,

म्वापोलेनी. आणि माझ्या पद्धतीने, वाकून नमस्कार.

हे पत्र मराठीत लिहितेय, कारण तुम्ही काय केलंत ते माझ्या माणसांनाही कळायला हवं. फोनवर मी ते इंग्रजीत वाचून दाखवेन आणि तुम्ही बेटावरून शाळेत परत आणलेली आपली मुलगी तुम्हाला बेम्बा भाषेत सांगेल.

झांबियात, बांगवेउलू सरोवराच्या काठी सामफ्या आहे. बेम्बात 'बामायो' म्हणजे आई. त्यातला 'बा' आदराचा. तिथल्या एका शाळेत मी गणित शिकवायला आले आणि पहिल्याच दिवशी तुम्ही मला 'बा टीचर' करून टाकलंत.

माझ्या वर्गातल्या काही मुलींना कॅमफेड या मुलींच्या शिक्षणासाठी काम करणाऱ्या संस्थेची शिष्यवृत्ती होती. १९९३ साली झिम्बाब्वेत ३२ मुलींपासून सुरू झालेलं हे काम २००१ मध्ये झांबियात आलं. फी, गणवेश, बूट, वह्या, सॅनिटरी पॅड, सगळं मिळायचं. मला वाटलं, आता काय अडचण उरली?

मग मार्च उजाडला. डिसेंबर ते फेब्रुवारीची मासेमारीबंदी उठली, माणसं होड्या घेऊन बेटांवरच्या तळांवर गेली आणि नववीतल्या एका हुशार मुलीचा बाक रिकामा झाला. तीन आठवडे मी हजेरीपटावर गैरहजरी मांडत राहिले. एवढंच केलं मी, बामायो, आणि त्याची टोचणी अजून आहे.

तुम्ही आयांच्या गटाबरोबर शाळेत दुपारचं जेवण रांधायचात. मुलगी येत नाही हे तुम्हाला पटावरून कळलं नाही, रोज एक ताट उरायला लागलं म्हणून कळलं. कोणी सांगायची वाट न बघता तुम्ही एका कोळ्याच्या होडीत बसून निघालात.

तिसऱ्या दिवशी परतलात तेव्हा मी काठावर होते. मुलगी आधी उतरली, अनवाणी. बूट भिजू नयेत म्हणून तिने ते कापडात गुंडाळून डोक्यावर धरले होते. मागून तुम्ही, आणि तुमच्या पाठीला चितेंगेत, म्हणजे तिथल्या बायका अंगाभोवती गुंडाळतात त्या कापडात, बांधलेलं दीड-दोन वर्षांचं पोर. ते तिच्या मावशीचं. मावशी दिवसभर मासे वाळवणार, मग पोराला बघणार कोण, म्हणून मुलीला ठेवून घेतलं होतं. तुम्ही मावशीला एका शब्दाने बोलला नाहीत. अख्खी दुपार तिच्याबरोबर मासे उलटत बसलात आणि संध्याकाळी म्हणालात, "पोराला मी नेते."

सत्र संपेपर्यंत ते पोर गटातल्या बायकांनी आळीपाळीने सांभाळलं. मुलगी तुमच्या घरी राहिली, तुमच्याच कंदिलाजवळ बसून बीजगणित सोडवायची. फी कुठूनही येऊ शकते, बामायो. असं पोर पाठीला बांधून घेणारं माणूस गावातच असावं लागतं.

२०२२ पासून तुमच्या सरकारी शाळांत बारावीपर्यंत फी माफ झाली. फार मोठी गोष्ट आहे ती. तरी मार्चमध्ये होड्या निघतातच, आणि तुम्ही अजून ताटं मोजता असं मुलगी सांगते.

ती बारावी झाली, हे तुम्हाला माझ्याआधी कळलं. आता ती शिष्यवृत्तीवर शिकून निघालेल्या मुलींच्या संघटनेत आहे. त्याच शाळेत धाकट्या मुलींना अभ्यासाचं, वयात येण्याचं, घरच्या अडचणींचं समजावते. गैरहजर मुलीच्या घरी आधी ती जाते. होडीत कसं बसायचं ते तुमच्याकडूनच शिकली.

परवा एकादशीला साबुदाणा भिजत घातला. आमचा साबुदाणा तुमच्या कसाव्याच्या कंदाचाच, हे मी तुम्हाला सांगितलं होतं तेव्हा तुमचा विश्वास बसला नव्हता. तुमच्या अंगणात चटईवर वाळत घातलेले पांढरे तुकडे आठवले. थोडा साबुदाणा पाठवतेय. खिचडी कशी करायची ते मुलीला सांगून ठेवलंय, शेंगदाणे तुमच्याकडे आहेतच.

नतोतेला साना, खूप आभार, बामायो.

तुमची,
बा टीचर