तिसरा गिअर टाकायचाच नाही, तर गाडी विकली कशाला?

एडिसन, न्यू जर्सी
२४ एप्रिल २०२५

प्रति,
शोरूमचे मालक आणि सर्व्हिस विभागाचे प्रमुख

विषय : ८ मार्चला तुमच्याकडून घेतलेली २०२० ची होंडा सिव्हिक एसआय कूपे. तिसऱ्या गिअरची तीन वेळा न झालेली दुरुस्ती.

आज सकाळी मी बोलत असतानाच तुमच्या सर्व्हिस मॅनेजरनी फोन ठेवून दिला. म्हणून आता लिहून देते. मराठीत लिहिते आहे, कारण तुमच्याकडे मी आले तीच मराठीमुळे. गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत तुमची पानभर जाहिरात होती. परक्या देशात पहिली गाडी घ्यायची तर निदान आपल्या भाषेत चार प्रश्न विचारता येतील, एवढाच माझा विचार होता.

गाडी काय चीज आहे ते तुम्हाला मी सांगायला नको. २०२० नंतर होंडाने सिव्हिकची कूपे बंद केली, म्हणजे ही त्या मालिकेतली शेवटच्या वर्षातली. दीड लिटर टर्बो, २०५ हॉर्सपॉवर, आणि सहा गिअरचं मॅन्युअल. एसआय ऑटोमॅटिकमध्ये मिळतच नव्हती. ही गाडी माणूस घेतो ती स्वतःच्या हाताने गिअर टाकायला मिळावेत म्हणून. 'दोन दारांची गाडी कशाला, मागे कुणी बसायचं कसं' हे मला ओळखीतल्या प्रत्येकाने ऐकवलं. तरी मी हीच घेतली. चार वर्षं बसने आणि लोकांच्या लिफ्टवर काढून साठवलेले पैसे होते. गाडीवर माझा अजूनही राग नाही. राग आहे तो विकणाऱ्यांवर.

८ मार्चचा शनिवार. मला सकाळी १० ची वेळ दिली होती. मी पोहोचले तेव्हा गाडी दारात उभी होती. कौतुकाने मी बॉनेटवर हात ठेवला, तर ते चांगलं गरम होतं. तुमचे सेल्समन म्हणाले, "ताई, तुमच्यासाठी पुसून-बिसून बाहेर काढून ठेवली." मला बरं वाटलं. पार्किंगमधून दारापर्यंत आणलेल्या गाडीचं बॉनेट एवढं तापत नाही, हे माझ्या लक्षात यायला दोन दिवस गेले.

सोमवारी पहाटे साडेपाचला मी लॅबच्या शिफ्टला निघाले. काचेवर दव गोठलेलं. रूट १ च्या रॅम्पवर दुसऱ्यावरून तिसरा टाकला आणि खर्रर्र असा आवाज आला. नुसता आवाज नाही, दांड्याने तळहाताला धक्का दिला आणि गिअर परत न्यूट्रलला आला. मागून ट्रक येत होता. क्लच पूर्ण दाबून पुन्हा टाकला, पुन्हा खर्रर्र. तिसऱ्या प्रयत्नात बसला. तेव्हापासून रोज सकाळी हेच. इंजिन तापून वीसेक मिनिटं झाली की आवाज कमी होतो. दुपारी तर कधी कधी येतच नाही.

म्हणजे गाडी गार असताना मला दाखवायचीच नव्हती. बॉनेट गरम होतं ते यासाठी.

१४ मार्चला मी गाडी पहिल्यांदा आणली. वर्क ऑर्डरवर लिहून मिळालं, 'ऑइल बदलले, ग्राहकास समजावले.' काय समजावलं? २९ मार्चला दुसऱ्यांदा आणली. सकाळी आठला ठेवलेली गाडी तुमच्या माणसाने दुपारी दोनला चालवून पाहिली आणि शेरा मारला, 'दोष आढळला नाही.' रात्रभर ठेवा आणि सकाळी गार इंजिनावर चालवा, अशी विनंती मी तेव्हाच केली होती. जागा नाही म्हणाले. १९ एप्रिलला तिसऱ्यांदा आणली. या वेळी रात्रभर ठेवून घेतली, आणि दुसऱ्या दिवशी 'सकाळी टेस्ट केली, गाडी ओके' असं सांगून परत दिली. ठेवताना मी ओडोमीटरचा फोटो काढला होता : ४९,५८८ मैल. परत घेताना आकडा ४९,५८८. गाडी एक मैलही न चालवता तुम्ही तिसरा गिअर तपासलात कसा?

आता आजच्या फोनबद्दल. हे जसंच्या तसं लिहिते, म्हणजे शोरूममध्ये ग्राहकाशी काय बोललं जातं ते मालकांना कळेल.

मी तक्रार सांगितली. मॅनेजरनी विचारलं, "ताई, क्लच पूर्ण दाबता ना?" हो म्हटलं. "बघा, काय होतं, लेडीज लोकांचा पाय पूर्ण पोचत नाही." माझा पाय पोचतो, असं मी शांतपणे सांगितलं. "अहो, ही पोरांची गाडी आहे. तुम्ही छानपैकी ऑटोमॅटिक घ्यायला हवी होती. मिस्टर आहेत का घरी? त्यांच्याकडे द्या फोन." माझं लग्न झालेलं नाही. "मग भाऊ वगैरे?" इथे कुणी नाही. यावर ते हसले. खरोखर मोठ्याने हसले, आणि म्हणाले, "वडिलांनी घेऊच कशी दिली हो असली गाडी तुम्हाला?"

माझे वडील वाई डेपोला एसटी चालवायचे. मला गाडी शिकवली ती त्यांनीच, आमच्या जुन्या चार गिअरच्या मारुती ८०० वर. पसरणीच्या घाटात वळणावर, चढावर गाडी थांबवायची आणि मागे एक वीतभरही न सरकू देता परत काढायची. हे जमेपर्यंत त्यांनी मला पाचगणीचं तोंड दाखवलं नाही. तेव्हा मी अठरा वर्षांची होते. इथे आल्यावर डाव्या हाताची सवय उजव्या हाताला लावावी लागली, तेवढंच. गेल्या महिन्यात मी त्यांना फोनवर तो आवाज ऐकवला. एकदाच ऐकून ते म्हणाले, "सिंक्रो गेलाय गं, आणि आज नाही गेला, कधीचाच गेलाय." सिंक्रो म्हणजे गिअरबॉक्समधलं गिअर अलगद बसवणारं कडं. सात समुद्रापलीकडे बसलेल्या माणसाला जे एका आवाजात कळलं, ते तुमच्या सर्व्हिस विभागाला तीन खेपांत कळलं नाही, हे मी मानायला तयार नाही.

आणि फोनवरचं शेवटचं वाक्य तर ऐकाच. मॅनेजर म्हणाले, "एवढं काय त्यात, तिसरा टाकूच नका. दुसऱ्यावरून डायरेक्ट चौथा टाका."

दोष आढळला नाही ना? मग तिसरा का टाकू नको? सहा गिअरचे पैसे घेतलेत आणि पाच वापरा म्हणता? गाडी विकताना हे का नाही सांगितलंत? हेच विचारत होते, तेव्हा त्यांनी फोन ठेवला.

२२ एप्रिलला मी १६० डॉलर देऊन बाहेरच्या मेकॅनिककडून गाडी तपासून घेतली. गाडी रात्रभर त्याच्याकडे होती, सकाळी गार असताना त्याने स्वतः चालवली आणि पहिल्याच फेरीत आवाज आला. नंतर माझ्यासमोर गिअरबॉक्सचं तेल काढलं. ट्रेमध्ये बोट फिरवून दाखवलं, तर बोटावर सिंक्रोचा पितळी चुरा चमकत होता. महिन्याभरापूर्वी तुम्ही बदललेल्या तेलात एवढा चुरा! त्याने लेखी दिलं आहे की ही झीज तेराशे मैलांत होणारी नाही, गाडी आधी कुणीतरी वाईट दामटलेली आहे. त्यात होंडाचाही दोष नाही आणि माझाही नाही.

'ॲज इज घेतलीत, म्हणजे आहे तशी, आता आमचा संबंध नाही' असंही आज मला ऐकवलं. गाडीच्या काचेवर तुम्हीच लावलेलं बायर्स गाइड, म्हणजे वॉरंटी आहे की नाही ते सांगणारं पत्रक, माझ्याकडे आहे आणि त्यात डीलर वॉरंटीच्या चौकटीत खूण आहे. ती नसती तरी न्यू जर्सीचा वापरलेल्या गाड्यांचा लेमन लॉ, म्हणजे सदोष गाडी गळ्यात मारण्याविरुद्धचा कायदा, आहेच. सात मॉडेल-वर्षांच्या आतली, तीन हजार डॉलर किंवा त्याहून जास्त किमतीची गाडी विकताना २४ हजार ते ६० हजार मैलांच्या दरम्यान असेल, तर डीलरला ६० दिवस किंवा २,००० मैल वॉरंटी द्यावीच लागते. गिअरबॉक्स त्यात येतो. वॉरंटी सोडून दिल्याची सही घेण्याची सोय ६० हजार मैलांच्या वरच्या गाडीला आहे. माझी गाडी विकताना ४८,३१२ मैलांवर होती. आज ४७ वा दिवस आहे आणि मी १,३४० मैल चालवली आहे. तीन वेळा दुरुस्तीची संधी दिली, तिन्ही वर्क ऑर्डर माझ्याकडे आहेत. हे सगळं तुम्हाला माझ्याआधीपासून माहीत आहे, कारण तुमचा धंदाच हा आहे. नवीन आलेल्या मुलीला माहीत नसेल, एवढाच तुमचा हिशेब होता.

शिवाय दुसरी चावी. 'सोमवारी देतो' म्हणाला होतात. सात सोमवार होऊन गेले.

माझी मागणी एकच आहे. गाडी परत घ्या आणि कायद्याप्रमाणे वापराची वजावट करून पैसे परत करा. आधी मी गिअरबॉक्स बदलून मागणार होते, कारण ही गाडी मला मनापासून आवडली आहे. दुसऱ्या गिअरमध्ये टर्बो भरला की पाठीला जो रेटा बसतो, त्यासाठी मी पहाटे पाचला आनंदाने उठत होते. पण आजच्या फोननंतर तुमच्या माणसांच्या हाताखाली ती पुन्हा द्यायची माझी तयारी नाही.

१ मेपर्यंत लेखी उत्तर हवं. फोन नको, फोनवर मी तुमच्याशी बोलणार नाही. उत्तर आलं नाही तर २ मेला सगळी कागदपत्रं राज्याच्या ग्राहक विभागातल्या लेमन लॉ युनिटकडे जातील. आणि यंदाच्या स्मरणिकेत तुमची जाहिरात घेण्याआधी मंडळाने हे पत्र वाचावं, म्हणून एक प्रत त्यांनाही देणार आहे. आपल्या माणसांच्या विश्वासावर धंदा करायचा आणि त्याच माणसांना गरम करून ठेवलेली गाडी दाखवायची, हे मला फार लागलं आहे. परक्याने फसवलं असतं तर एवढं लागलं नसतं.

सोबत : तीन वर्क ऑर्डरच्या प्रती, १९ आणि २० एप्रिलचे ओडोमीटरचे फोटो, बायर्स गाइडची प्रत, मेकॅनिकचा लेखी अहवाल, गार इंजिनावरच्या आवाजाचं २३ एप्रिलच्या पहाटेचं रेकॉर्डिंग.

गाडी माझ्या घरासमोर उभी आहे. न्यायला याल तेव्हा सकाळी सहाच्या आत या आणि रॅम्पवर तिसरा टाकून बघा.

– तुमची ग्राहक