शाळेतलं यंत्र आणि खाडीतला चिखल

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

कंपनीच्या सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या विभागात तुझी निवड झाली हे ऐकून बाबांनी लगेच देवापुढे साखर ठेवली. मला मात्र फोनवर मनातलं बोलता येईना, म्हणून लिहायला बसले.

मी निवृत्त व्हायच्या आधी दोन वर्षं, खाडीवरच्या एका कारखान्याने आपल्या शाळेला पाणी शुद्ध करायचं यंत्र दिलं होतं, आठवतं? नारळ फुटला, फोटो निघाले, मुलांनी स्वागतगीत म्हटलं. मलाही मनापासून बरं वाटलं, कारण एप्रिलनंतर आपल्या विहिरीचं पाणी मचूळ होतं. वर्षभराने फिल्टर बदलायची वेळ आली तेव्हा तीन अर्ज केले, पण कोणी फिरकलं नाही. शेवटी आम्ही शिक्षकांनी वर्गणी काढली.

त्याच सुमारास धाकट्या काकूची टोपली रिकामी परत येऊ लागली. पूर्वी सुकतीला, म्हणजे ओहोटीच्या वेळी, चिखलात बसून बोटांनी चाचपत ती दोन तासांत टोपलीभर तिसऱ्या काढायची. आता वरचा थर बाजूला केला की खालून काळा, उग्र वासाचा गाळ निघतो, आणि हाताला लागतात त्या तोंड उघडलेल्या, मेलेल्या शिंपल्या. रात्री कारखान्यातून पाणी सोडतात, असं सगळ्या बायका सांगतात. त्या अर्ज घेऊन गेल्या तेव्हा गेटवरच्या साहेबांनी विचारलं, "शाळेला यंत्र दिलंय ना आम्ही?"

ते वाक्य मला अजून सलतं. म्हणून मी मिळेल ते वाचत गेले. 2013 च्या कंपनी कायद्याचं कलम 135 मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के समाजासाठी खर्च करायला सांगतं. चांगलंच आहे. पण हा हिशेब नफा झाल्यावरचा. तो नफा होताना कोणाची टोपली रिकामी झाली, हे त्या 2 टक्क्यांत येत नाही. संयुक्त राष्ट्रांनी 2011 मध्ये व्यवसाय आणि मानवी हक्कांची जी तत्त्वं मान्य केली, त्यांत हे स्पष्ट आहे: कंपनीने दुसरीकडे कितीही चांगलं काम केलं, तरी स्वतःच्या कारभारात माणसांचे हक्क डावलले असतील तर त्याची भरपाई त्या कामाने होत नाही. नुकसान झालेल्याला दाद मागायची वाट असली पाहिजे, हेही त्यांत आहे. काकूला ती वाट गेटवरच बंद झाली.

आता ही वाट उघडी ठेवणं थोडंफार तुझ्या हातात येईल. कायद्याने परिणामांची तपासणी लागते ती मोठ्या कंपन्यांना, आणि तीही 1 कोटी किंवा त्याहून जास्त खर्चाच्या कामांची. शाळेतलं यंत्र बघायला कोणी येणार नाही, तू जा. अहवालात लाभार्थी किती हे लिहिशीलच, पण ज्यांचं काही गेलं त्यांनाही भेट. सरपंचांच्या घरी चहा घेऊन परत फिरू नकोस. बायका मीटिंगला येत नाहीत, सुकतीच्या वेळी त्या खाडीत असतात. तिथे जाऊन विचार, आणि सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून घे. साहेबांना ते आवडणार नाही, तरी लिही.

पुढच्या अमावास्येला रजा मिळते का बघ. पहाटे सहाच्या आसपास पाणी पार खाली जातं. काकू म्हणाली, पोरीला घेऊन ये, दाखवते. तुझे जुने प्लास्टिकचे बूट माळ्यावर आहेत, धुऊन ठेवते.

तुझी,
आई